तेल ब्लेडला, डोक्याला नाही: घरच्या कटिंग मशीनचे सोळा महिने

मार्च २०२० मध्ये सलूनची शटरं खाली आली. २८ जूनला राज्यात परवानगी मिळाली ती कटिंगची, दाढीची नाही. एप्रिल २०२१ मध्ये शटरं पुन्हा खाली. या मधल्या काळात कोल्हापुरात ज्यांनी कटिंग मशीन घेतलं, त्यातल्या बऱ्याच घरांत ते आता कपाटावर पडून आहे. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: "केस ओढतंय ओ." ओढतं हे खरं आहे. पण बहुतेक वेळा डोक्यात तेल आणि ब्लेड कोरडं, असा उलटा कारभार असतो.

खालचं सगळं वायरच्या, बाजूला कापायची लांबी कमी-जास्त करणारा लिव्हर असलेल्या, तेव्हा दीड ते तीन हजारांत मिळणाऱ्या मशीनबद्दल आहे. वापर जून २०२० पासून सोळा महिने. तीन डोकी, महिन्याला एकेकदा, म्हणजे पन्नासच्या आसपास कटिंग. तोवर ब्लेड मूळचंच होतं.

आधी एक गोष्ट. दाढीच्या ट्रिमरनं डोकं कापायला जाऊ नका. त्याचं ब्लेड अरुंद, दात बारीक आणि दाटीवाटीचे. डोक्याचे केस त्यात शिरत नाहीत, मोटार दमते आणि अर्ध्या डोक्यावर बॅटरी बसते. कटिंग मशीनचं ब्लेड चार-साडेचार सेंटिमीटर रुंद असतं. वायरच्या मशीनमध्ये चुंबकी मोटार असते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर तिचं वरचं ब्लेड मिनिटाला सुमारे ६,००० वेळा इकडून तिकडे जातं. वजन जास्त, हाताला मुंग्या येतात, लहान पोरं आवाजाला भितात. पण जोर कमी पडत नाही. स्वतःचे केस स्वतः कापताना वायर मात्र सारखी मध्ये येते. ती समोरून न घेता डाव्या खांद्यावरून मागे टाकली की उजवा हात मोकळा राहतो.

आता डोकं. केस धुतलेले आणि पूर्ण वाळलेले पाहिजेत. ओले केस चिकटून झोपतात, गार्डच्या, म्हणजे ब्लेडवर बसणाऱ्या कंगव्याच्या, दातांतून उभे राहत नाहीत, आणि वाळल्यावर कुठे काय राहून गेलंय ते दिसतं. तेल लावलेले केस त्याहून वाईट. कापलेला चुरा तेलात कालवून दोन ब्लेडांच्या मध्ये लगदा होतो आणि मग ओढाओढी सुरू. तालमीत जाणाऱ्यांनी तर शाम्पूशिवाय मशीनला हात लावू नये. कुस्तीच्या हौद्यातल्या तांबड्या मातीचे कण केसांच्या मुळाशी बसलेले असतात. ते ब्लेडमध्ये गेले की पॉलिश पेपर मारल्यासारखी धार जाते. गाडीवरून दिवसभर फिरणाऱ्यांच्या डोक्यातल्या धुळीलाही हेच लागू.

अंगावर टॉवेल किंवा पंचा घेऊ नका. सुती कापडात केसांची टोकं रुततात आणि पुढचे चार दिवस टोचतात. गुळगुळीत नायलॉन हवं. रेनकोट उलटा, चेन पाठीकडे करून घातला तर त्यापेक्षा चांगलं काही नाही, आणि तो इथे प्रत्येक घरात असतोच. खाली वर्तमानपत्र. मोरीत बसून कापलं तर जाळी तुंबते.

गार्डचे नंबर असे: १ म्हणजे ३ मिमी, २ म्हणजे ६, ३ म्हणजे १०, ४ म्हणजे १३, आणि ८ म्हणजे २५ मिमी. गार्ड न लावता लिव्हर बंद असेल तर साधारण १ मिमी किंवा त्याहून कमी, पूर्ण उघडा असेल तर ३ मिमीच्या आसपास. म्हणजे लिव्हर उघडल्यावर कोणत्याही गार्डमध्ये दीड-दोन मिमी वाढतात. लिव्हरचा हा उपयोग बहुतेकांना माहीतच नसतो आणि डोक्यावर पायऱ्या पडतात त्या म्हणूनच. गुळगुळीत गोटा मात्र यानं होत नाही. त्याला वस्तराच लागतो.

केस तीन-चार महिने वाढलेले असतील तर थेट मशीन लावू नका. आधी कात्रीनं तीनेक सेंटिमीटरवर आणा. मग मोठा गार्ड आधी, लहान नंतर. ४ नंबरनं पूर्ण डोकं, कपाळाकडून मागे आणि मानेकडून वर, म्हणजे केसांच्या वाढीच्या उलट दिशेनं. गार्डचा सपाट भाग टाळूला टेकलेला हवा, टोकं रोवायची नाहीत. हात सावकाश चालवा. घाईत ओढलं की केस कापले न जाता वाकतात आणि मागे उभ्या काड्या राहतात. एकाच जागेवरून उभं, आडवं, तिरकं असं तीनदा फिरवा.

बाजू बारीक करायच्या तर २ नंबरनं कल्ल्यापासून भुवईच्या रेषेपर्यंतच जायचं आणि तिथे मनगट बाहेर वळवून मशीन डोक्यापासून सोडवायचं, कढईतून झारा उचलतो तसं. सरळ वर गेलं की रेघ बसली. मग २ आणि ४ च्या मधल्या पट्ट्यावर ३ नंबर, आधी लिव्हर उघडा आणि नंतर बंद. रेघ तरीही दिसत असेल तर २ नंबर, लिव्हर उघडा, आणि फक्त ब्लेडचा कोपरा त्या रेघेवर टिचक्यांनी. स्टेटसला लावण्यासारखा नादखुळा फेड, म्हणजे खालून वर हळूहळू दाट होत जाणारी कटिंग, घरी जमेल असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. सलूनवाला कंगव्यावर मशीन चालवतो, ती नजर आणि ते दोन हात आरशात बघून येत नाहीत. २ आणि ४ चं साधं जुळवणं मात्र तिसऱ्या-चौथ्या कटिंगला स्वच्छ येतं.

भोवरा ही खरी परीक्षा. तिथे केस गोल फिरतात, त्यामुळे एकच दिशा उलटी नसते. एका बाजूनं मारलं तर निम्मे केस लांब राहतात, आणि ते काढायला जोर दिला की मध्ये टाळू चमकते. भोवऱ्यावर एक नंबर मोठा गार्ड लावा, मशीन चारही बाजूंनी मध्याकडे आणा आणि दाब देऊ नका. डोक्याच्या मागच्या हाडाचा उंचवटाही फसवतो. त्याच्याखाली खळगा असतो, गार्ड उंचवट्यावर टेकतो आणि खळग्यातले केस लांब राहून काळा पट्टा दिसतो. मान पुढे वाकवून हनुवटी छातीला लावली की खळगा सपाट होतो.

मानेची रेषा एकट्यानं काढणं हे या सगळ्यातलं सगळ्यात कटकटीचं काम. दोन आरशांत हात कुठे जातोय ते कळत नाही, डावं-उजवं डोक्यात उलटंपालटं होतं. उपाय साधा आहे: दोन बोटं रुंदीचं इलॅस्टिक डोक्याभोवती असं बांधा की त्याची खालची कड मानेवर हव्या त्या रेषेवर येईल. डाव्या हातानं ती कड चाचपत राहा आणि गार्ड काढून, ब्लेडचे दात वर ठेवून, खालून कडेपर्यंत या. घरात दुसरं माणूस असेल तर रेषा त्यालाच काढू द्या. ज्येष्ठांच्या मानेची कातडी सैल असते, ती आधी बोटांनी ताणा, नाहीतर सुरकुती दातांत सापडते. कानामागे जाताना कान पुढे दुमडायचा आणि फक्त ब्लेडचा कोपरा लावायचा.

सगळ्यात मोठा घोटाळा गार्ड निसटल्यानं होतो. १३ मिमीच्या डोक्यात १ मिमीचा चट्टा पडतो. केस महिन्याला सेंटीमीटरभर वाढतात, म्हणजे तो भरायला महिन्याहून जास्त. गार्ड आधी दातांच्या बाजूनं बसवा, मग मागून दाबा, 'टक्' आवाज ऐका आणि अंगठ्यानं ओढून बघा. प्रत्येक वेळी गार्ड बदलला की हे करायचंच. स्वस्त गार्डचा खटका सैल होतो, असा गार्ड फेकून द्या. चट्टा पडलाच तर सगळं डोकं १ नंबर. दुसरी वाट नाही. पैलवान दिसाल, एवढंच.

चालू केल्यावर मशीन खडखडलं तर घाबरू नका. चुंबकी मोटारीच्या मशीनला बाजूला एक स्क्रू असतो. व्होल्टेज बदललं की आतला पट्टा जास्त झेपावून ठोकतो. मशीन चालू ठेवून स्क्रू खडखड येईपर्यंत एका बाजूला फिरवा, मग आवाज थांबेपर्यंत हळूच उलट्या बाजूला. तिथे जोर पुरेपूर मिळतो.

ब्लेड साफ करायला खोललं तर बसवताना नीट बघा. वरच्या, हलणाऱ्या ब्लेडचे दात खालच्या दातांच्या एटीएम कार्डाच्या जाडीइतके मागे आणि त्यांना समांतर हवेत. पुढे आले तर कातडी कापतात, फार मागे गेले तर केस ओढतात. लावण्याआधी हाताच्या आतल्या बाजूवर फिरवून बघा. टोचलं तर पुन्हा खोला.

आणि तेल. कटिंगच्या आधी आणि नंतर, दातांवर ओळीनं तीन थेंब, दोन्ही बाजूंना एकेक, दहा सेकंद चालू ठेवा, जास्तीचं पुसा. मशीनबरोबरची बाटली संपली की शिलाई मशीनचं तेल चालतं. खोबरेल नाही. ते २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं, आणि डिसेंबरात इथे सकाळी डबीतलं खोबरेल चमच्यानं काढावं लागतं. मध्येच ब्लेड तापलं तर तेल कमी आहे. दोन थेंब टाका, पाच मिनिटं बंद ठेवा. एकच मशीन अनेक डोक्यांना असेल तर प्रत्येकाच्या मध्ये ब्रशनं झाडून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, कारण गजकर्ण यातून सहज पसरतं. अल्कोहोल तेलही धुऊन नेतं, म्हणून ते वाळल्यावर परत तेल. कुणाला गजकर्ण असेल तर त्याच्या डोक्याला हे मशीन नकोच.

पावसाळ्यात ब्लेडला दोन आठवड्यांत तांबूस गंज धरतो. जून ते सप्टेंबर मशीन बाथरूममध्ये ठेवू नका. तेल लावून, सिलिका जेलची पुडी टाकून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. धार गेलीच तर ब्लेडची जोडी नवी घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत लोखंडाचं वाट्टेल ते होतं, पण या ब्लेडची आतली बाजू किंचित पोकळ घासलेली असते, म्हणून दोन्ही ब्लेडं फक्त कडांवर टेकतात. साध्या सरफेस ग्राइंडरवर ती सपाट होते आणि मग ब्लेड चकचकीत दिसतं, कापत मात्र नाही.