गायकवाड वाडा ते शिंदे छत्री: इंदिराराजेंवरची रविवारची टूर, 800 रुपये द्यावेत का?

व्हॉट्सअॅपवर "बंडखोर राजकन्या" असं गुलाबी पोस्टर फिरतंय ना, नारायण पेठेतून निघून वानवडीला संपणारी अर्ध्या दिवसाची टूर, ती केली. आयोजकांचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण खाली बरीच कुरकुर आहे, आणि पोस्टर ज्यांना आलंय त्यांना कळेलच. माणशी 800, त्यात नाश्ता, चहा, टेम्पो ट्रॅव्हलर आणि एक नटी. पाचपैकी साडेतीन स्टार.

ज्यांना विषय माहीत नाही त्यांच्यासाठी: बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड आणि त्यांच्या दुसऱ्या पत्नी चिमणाबाई यांची एकुलती एक मुलगी इंदिराराजे, जन्म 1892. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींची आई म्हटलं की पटकन लक्षात येतं. हिचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेलं, ते हिच्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे, पहिली बायको घरात, आणि ग्वाल्हेरला कडक पडदा. ही बडोद्यात शिकलेली, आईवडलांबरोबर युरोप फिरलेली. 1911 च्या दिल्ली दरबाराला (इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याच्यासाठीचा सोहळा) गेली तिथे कुचबिहारचा राजपुत्र जितेंद्र भेटला आणि बाईसाहेबांनी घरात कोणाला न सांगता सरळ माधवरावांनाच पत्र टाकलं की मला हे लग्न नको. मग माधवरावांची तार सयाजीरावांना, की तुमच्या मुलीच्या या पत्राचा अर्थ काय. आईबापांना पत्राचा पत्ताच नव्हता! एकोणीस वर्षांची मुलगी हो.

सुरुवात केसरी वाड्यातून. तिथून का, तर हा मुळात गायकवाड वाडा, टिळकांनी तो 1905 साली सयाजीरावांकडून घेतला. मानाच्या पाचव्या गणपतीला दर वर्षी रांगेत उभे राहणारे आमच्यातले निम्मे लोक हे पहिल्यांदाच ऐकत होते, तेवढ्यासाठी आयोजकांना मार्क द्यायला हवेत. पण गाइड ताईंकडे माइक नाही, बाहेर केळकर रोडचे हॉर्न, त्यामुळे मागे उभं असणाऱ्यांना "सयाजीराव", "प्रेम" आणि "पळून" एवढंच ऐकू येत होतं. उपमा गार होता. चहा चांगला होता, दुसऱ्यांदा मागितला तर कपाळाला आठी न घालता दिला, पेठेत एवढं पुरे.

आता ते "पळून". ती पळूनबिळून नव्हती गेली. दीड-दोन वर्षं घरात नुसती धुसफूस, तिच्यावर नजर, जितेंद्रशी पत्रव्यवहार चोरून, आणि शेवटी आईबापांनी हात टेकले. लग्न 1913 मध्ये लंडनला झालं, पण माहेरचं कोणी उभं राहिलं नाही. पळून जाण्यापेक्षा हे मला जास्त वाईट वाटतं, म्हणजे परवानगी आहे पण आम्ही येणार नाही.

आणि माझी खरी तक्रार इथेच आहे. टूरवाल्यांनी याची हिंदी सिनेमासारखी लव्हस्टोरी करून टाकलीये, दुष्ट बाप, हट्टी पोरगी. बाप कोण होता? 1906 मध्ये अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणारा, बालविवाहाविरुद्ध कायदा आणणारा माणूस. आणि आई, चिमणाबाई, त्यांचं तर भारतीय बायकांच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक आलं तेच मुळी 1911 मध्ये, म्हणजे ज्या वर्षी पोरगी दिल्लीला जाऊन बिनसली त्याच वर्षी. जगाच्या मुलींना शिकवा, फक्त आमच्या मुलीने शिकून स्वतःचा नवरा शोधू नये. त्यात कुचबिहारची सलामी 13 तोफांची, बडोद्याची 21 (जितक्या तोफा तितका संस्थानाचा मान), घराणं ब्राह्मो समाजी, राहणी साहेबी, म्हणजे नाक मुरडायला कारणांना तोटा नाही. शिवाय त्याच दरबारात सयाजीरावांनी पंचम जॉर्जला जेमतेम मान लववली आणि पाठ फिरवली म्हणून इंग्रज पेपर त्यांच्यामागे हात धुऊन लागलेले. त्या घरातलं वातावरण काय असेल! यातलं आमच्या वाट्याला आलं दोन वाक्यं.

बरं, याच चिमणाबाई 1927 मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्ष होत्या, आणि ते अधिवेशन भरलं होतं आपल्या फर्ग्युसन कॉलेजात. नारायण पेठेतून नदी ओलांडली की फर्ग्युसन! तिथे न नेता गाडी थेट वानवडीला, आणि वाटेत अर्धा तास ट्रॅफिकमध्ये राजेशाही विषयावरची अंताक्षरी. अंताक्षरी!

पण शिंदे छत्री. तिथे पैसे वसूल झाले बाबा. महादजींचं इथेच 1794 साली दहन झालं, शंकराचं मंदिर त्यांच्या वेळचं, आणि पुढचा जो मोठा सभामंडप आहे, रंगीत काचांचा, तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला या माधवरावांनीच. म्हणजे जिने लग्न मोडलं तिची गोष्ट, ज्याचं मोडलं त्याने बांधलेल्या मंडपात, भिंतीवर सगळ्या शिंद्यांच्या तसबिरी बघतायत. ही कल्पना ज्याला सुचली त्याला माझा नमस्कार.

नटी मुलगी चांगली होती. आधी नऊवारीत, मग तिथेच आमच्यासमोर वरून पांढरं शिफॉन गुंडाळायला लागली (शिफॉनच्या साड्यांची फॅशन आपल्याकडे आणली ती इंदिराराजेंनीच असं म्हणतात), दातात सेफ्टी पिन, एका हातात निऱ्या, आणि बोलणं चालूच, इटलीच्या फेरागामो या बूट बनवणाऱ्याकडून हिरे-मोत्यांचे बूट कसे करून घेतले, जुगाराच्या टेबलावर रत्नं जडवलेलं जिवंत कासव कसं असायचं. पिन लागेना तर पुढच्या रांगेतल्या एका आजींनी उठून लावून दिली आणि "बोल गं तू" म्हणाल्या. काचेतून निळा-तांबडा उजेड त्या शिफॉनवर. फोटो काढायचं भान कोणाला राहिलं नाही.

नंतर परत गडबड. लग्नानंतर लगेच जितेंद्रचा थोरला भाऊ वारला आणि जितेंद्र राजा झाला, नऊ वर्षांत दारूपायी तोही गेला, 1922 मध्ये, स्वतःच्या वाढदिवशी. ही तिशीची, पाच मुलं, आणि मुलगा सज्ञान होईपर्यंत राज्य हिने चालवलं. एवढा मोठा भाग, आणि त्याला "पुढे तिने खूप सोसलं" म्हणून निकालात काढलं, कारण जेवायची वेळ झाली होती. एका काकांनी विचारलं, "ताई, मग शिंद्यांचं पुढे काय?" तर ताई गप्प. शेवटी काकांनीच सांगितलं, गजराराजेंशी लग्न केलं, मुलांना नावं दिली जॉर्ज आणि मेरी, इंग्लंडच्या राजाराणीवरून. बडोदेकरांनी ज्याला पाठ दाखवली त्याच जॉर्जवरून! मंडप हसला. काकांनाच गाइड नेमा.

जाणार असाल तर: नारायण पेठेत चारचाकी आणू नका, परतीची रिक्षा वानवडीहून स्वतःची स्वतः करावी लागते आणि हे पोस्टरवर लिहिलेलं नाही. वाड्यात पुढे घुसून उभे राहा, नाहीतर काही ऐकू येणार नाही. दहाच्या खालची मुलं कंटाळतात, आमच्या गाडीतली दोन झोपली. नऊ म्हणतात पण साडेनऊशिवाय सुरू होत नाही, घरून खाऊन निघा.