वाळवंटातील पुराचे प्रशिक्षण : एक दिवस कामाचा, एक वाया

ओमानमधील रस्त्याच्या कामावर रुजू होण्यापूर्वी वाळवंटी खोऱ्यांतील पूर आणि चिखललोंढ्यांचा धोका कसा जोखावा हे शिकून घ्यावे, या हेतूने मी सोलापुरातील एका खाजगी संस्थेच्या दोन दिवसांच्या वर्गाला ३,५०० रुपये भरून बसलो. पहिल्या दिवशीच पैसे वसूल झाले. तक्रार आहे ती दुसऱ्या दिवसाबद्दल.

पूर म्हटला की नकाशावर २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा शोधायची, ही आपली सवय प्रशिक्षकांनी पहिल्याच तासात मोडली. डोंगरातून सपाटीवर उतरणारी वादी, म्हणजे एरवी कोरडी असणारी वाळवंटी नदी, गाळ टाकत पंख्यासारखी पसरते आणि एकाच पुरात जुने पात्र सोडून भलतीकडे वळू शकते, त्यामुळे तेथे एखादी जागा रेषेबाहेर आहे एवढ्यावरून ती सुरक्षित ठरत नाही. पावसाची सरासरीही फसवीच. लेहमध्ये वर्षाला साधारण १०० मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही ऑगस्ट २०१० मधील एका रात्री ढगफुटीनंतर आलेल्या लोंढ्यांनी दोनशेहून अधिक बळी घेतले.

सर्वांत उपयोगी पडले ते घमेल्यांचे प्रात्यक्षिक. तिरप्या फळीवर मुठीएवढे दगड मांडून आधी नितळ पाणी ओतले, तेव्हा ते दगडांना वळसा घालून निघून गेले. मग शाडू आणि मुरूम कालवून केलेला, भज्याच्या पिठाइतका दाट राडा सोडला, तर त्याने तेच दगड थेट खाली नेले. नितळ पाणी गृहीत धरून बांधलेली रस्त्याखालची मोरी का तुंबते, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागले नाही. पाण्याच्या पुराचा गाळ थराथरांत बसतो, तर लोंढ्याच्या ढिगाऱ्यात धोंडे, वाळू आणि चिखल यांची सरमिसळ असते व काठांवर धोंड्यांचे बांध उरतात, हा फरक छायाचित्रांवरून घोटून घेतला. नोंदी नसतील तेथे कपारीतील पूरखुणांवरून पात्राचा छेद आणि मॅनिंगच्या सूत्राने (पात्राचा उतार, आकार आणि खडबडीतपणा यांवरून) प्रवाहाचा वेग काढण्याचा सरावही चोख होता.

दुसऱ्या दिवशी आम्हाला सीनेच्या काठी नेले. सप्टेंबर २०२५ च्या महापुरानंतर ती नदी पाहण्यासारखी आहेच. परंतु काळ्या मातीतून पसरत जाणाऱ्या तिच्या पुरावरून वादीचा पंखा कसा समजावा? दुपारी संगणकावर तर पावसाचे किती पाणी वाहून जाते हे काढण्याचे आपल्याच काळ्या मातीचे तक्ते वाळवंटाला लावले. “सर, वाळूच्या पात्रात वाटेतच मुरणारे पाणी कुठे वजा केले?” असे मी विचारले, तर “ते पुढच्या वर्गात घेऊ,” असे उत्तर मिळाले. शेजारी बसलेल्या निवृत्त अभियंत्यांनी याउलट बाजू दाखवली : राजस्थानातील कवास येथे २००६ च्या पुराचे पाणी वाळूखालच्या जिप्समच्या थरामुळे मुरलेच नाही, साचून राहिले. ही चर्चा चहाच्या टपरीवर झाली, वर्गात नव्हे.

केवळ पहिल्या दिवसाचे शुल्क भरता येते का, हे नाव नोंदवण्यापूर्वी विचारून पाहावे. पुढच्या वर्गाचे शुल्क वेगळे आहे.