पेसाखला भात: चालतो की नाही?

पेसाख, म्हणजे वल्हांडण सणात गहू, जव, ओट, राय, स्पेल्ट या पाच धान्यांचं आंबलेलं काहीही ज्यूंना वर्ज्य. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पण तांदूळ आणि कडधान्यं?

अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या परंपरेच्या ज्यूंच्या घरांत ती तेराव्या शतकापासून बंद आहेत. त्यांच्या पिठात गव्हाचं पीठ मिसळलं गेलं तर, ही भीती. सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या परंपरेच्या बहुतेक घरांत मात्र भात होतो. सणाआधी पांढऱ्या कापडावर तांदूळ पसरून दाणान् दाणा बघायचा, तोही तीनदा. गव्हाचा एक चुकार कण सापडला की बाजूला. मला हे निवडणंच खरी उपासना वाटते.

दोन्ही बाजूंना भक्कम आधार आहे. योसेफ कारो यांच्या 'शुल्हान अरुख' या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथाने भाताला मुभा दिली. क्राकोवच्या मोशे इसर्लिस यांनी त्याच ग्रंथावरच्या टिपांत अश्केनाझी बंदी नोंदवली. एकाच पानावर दोन्ही मतं! तालमूद या प्राचीन ज्यू धर्मग्रंथात तर राव हुना हे धर्मपंडित सेदरच्या (पेसाखच्या रात्रीच्या विधी-जेवणाच्या) ताटात बीट आणि भात चालेल म्हणतात. म्हणून शास्त्राच्या अंगाने मला सेफार्दी बाजू वजनदार वाटते. पण आजीपणजीने पाळलेली रीत केवळ युक्तिवादाने सुटत नाही, सुटूही नये.

अमेरिकेतल्या कन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मसमितीने 2015 मध्ये अश्केनाझींनाही मोकळीक दिली. ऑर्थोडॉक्स, म्हणजे सनातनी पंथाच्या रब्बींनी (धर्मगुरूंनी) बंदी कायम ठेवली.

आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्यू सेफार्दी रीतीचे. त्यांच्या पेसाखला भात असतोच.