अपेंडिक्सला सूज: लगेच ऑपरेशन की आधी अँटिबायोटिक?

सीटी स्कॅनचा रिपोर्ट हातात पडला की त्यात आधी एक गोष्ट शोधा: अपेंडिक्समध्ये खडा दिसतोय का? रिपोर्टमध्ये त्याला अपेंडिकोलिथ किंवा फेकॅलिथ म्हटलेलं असतं. कडक झालेल्या विष्ठेचा, बऱ्याचदा कॅल्शियम साचलेला, काही मिलिमीटरचा गोळा. ऑपरेशन करायचं की औषधांवर भागवायचं, याचं निम्मं उत्तर त्या एका ओळीत असतं आणि घाईगडबडीत तीच ओळ विचारायची राहून जाते.

हा आढावा कोणासाठी आहे ते आधी सांगतो. बेंबीभोवती दुखायला लागलं, काही तासांत दुखणं उजवीकडे खाली सरकलं, खोकलं तरी कळ येते, आणि तपासणीत अपेंडिक्स सुजलेलं पण न फुटलेलं निघालं, अशा एरवी धडधाकट प्रौढ माणसासाठी. अपेंडिक्स फुटून पोटभर पू पसरला असेल, रक्तदाब घसरत असेल, रुग्ण गरोदर असेल किंवा तिची-त्याची प्रतिकारशक्ती फार कमी असेल, तर ही तुलना लागू नाही. तिथे डॉक्टर सांगतील तो मार्ग धरावा, आणि लवकर धरावा.

अमेरिकन डॉक्टर रेजिनाल्ड फिट्झ यांनी 1886 साली या आजाराचं नीट वर्णन केलं आणि लवकर शस्त्रक्रिया करा असा आग्रह धरला. तेव्हा अँटिबायोटिक नव्हती, त्यामुळे थांबणं म्हणजे जिवाशी खेळ होता. तिथपासून ‘अपेंडिक्स सुजलं की काढायचं’ हा नियमच झाला. सुजलेलं अपेंडिक्स आज ना उद्या फुटणारच, असं त्यामागचं गृहीतक होतं. ते प्रत्येकाच्या बाबतीत खरं नाही, हे गेल्या काही वर्षांतल्या मोठ्या चाचण्यांनी दाखवलं.

फिनलंडमधल्या ‘अ‍ॅपॅक’ चाचणीत 530 प्रौढ रुग्ण होते. सगळ्यांचं सीटी स्कॅन झालं होतं आणि खडा असलेले मुळातच वगळले होते. 2015 साली आलेल्या निष्कर्षांनुसार अँटिबायोटिक घेतलेल्यांपैकी साधारण 27 टक्क्यांना वर्षभरात ऑपरेशन लागलं. पाच वर्षांत हा आकडा 39 टक्क्यांवर गेला. म्हणजे शंभरातले साठेक जण पाच वर्षांनंतरही अपेंडिक्स बाळगून सुखरूप होते.

अमेरिकेतल्या ‘कोडा’ चाचणीत 1,552 रुग्ण होते आणि तिथे खडा असलेल्यांनाही घेतलं होतं. म्हणून निर्णय घेताना मला तीच जास्त उपयोगी वाटते. अँटिबायोटिकच्या गटात 90 दिवसांत 29 टक्क्यांना ऑपरेशन लागलं. खडा नसलेल्यांत हे प्रमाण 25 टक्के, खडा असलेल्यांत 41 टक्के. गुंतागुंतीचे आकडे त्याहून बोलके आहेत. खडा असताना औषधांवर राहिलेल्यांत दर शंभर जणांमागे सुमारे 20 गुंतागुंती झाल्या, ऑपरेशन केलेल्यांत चारहून कमी. खडा नसेल तर दोन्हीकडे जवळपास सारख्याच, शंभरामागे साडेतीनच्या आसपास. पुढे तीन-चार वर्षांच्या पाठपुराव्यात अँटिबायोटिक गटातल्या जवळजवळ निम्म्या लोकांचं अपेंडिक्स काढावं लागलं होतं.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. खडा असेल तर ऑपरेशन करून मोकळं व्हावं. खडा नसेल तर दोन्ही रस्ते खरोखर खुले आहेत, आणि मग विचार करायचा तो तुमच्या पुढच्या काही महिन्यांचा.

ऑपरेशनच्या बाजूने

आज बहुतेक ठिकाणी हे दुर्बिणीतून होतं. पूर्ण भूल देतात, पोटावर साधारण तीन छोटी छिद्रं पाडतात, अपेंडिक्सचा रक्तपुरवठा बंद करून त्याचं मूळ बांधतात किंवा स्टेपलरने मिटवतात आणि तो तुकडा छोट्या पिशवीत घालून बाहेर काढतात. न फुटलेल्या अपेंडिक्ससाठी बहुतेक जण एक-दोन दिवसांत घरी जातात. सर्वात मोठा फायदा म्हणजे विषय संपतो. पुढच्या वेळी पोट दुखलं तर ‘तेच असेल का’ ही धास्ती राहत नाही. शिवाय काढलेला भाग तपासणीला जातो आणि क्वचित आत दडलेली गाठ (ट्यूमर) असली तर वेळेत कळते.

तोटे: भुलेचा धोका, जखमेत जंतुसंसर्ग, क्वचित पोटात पू साचणं, पुढे कधीतरी आतडी चिकटून अडथळा येणं. ‘कोडा’मध्ये ऑपरेशनवाल्यांचे कामाचे सरासरी पावणेनऊ दिवस बुडाले, औषधवाल्यांचे सव्वापाच. एक सावधगिरी मात्र बाळगा. ऑपरेशनमध्ये गुंतागुंत फार, असं सांगताना बऱ्याचदा ‘अ‍ॅपॅक’चे आकडे दिले जातात. त्या चाचणीतली बहुतेक ऑपरेशन्स पोट उघडून केलेली होती. दुर्बिणीच्या ऑपरेशनला ते आकडे जसेच्या तसे लावू नयेत.

सुरक्षिततेचं बरंचसं गणित साध्या शिस्तीवर चालतं. जागतिक आरोग्य संघटनेची 19 मुद्द्यांची शस्त्रक्रिया-चेकलिस्ट आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आलं. हे निष्कर्ष 2009 सालचे. छेद घेण्याआधीच्या तासाभरात अँटिबायोटिक दिलं का, रुग्ण तोच आहे ना, अ‍ॅलर्जी कशाची, हे प्रश्न मोठ्याने विचारून खात्री करणं, एवढंच त्यात असतं. ‘तुमच्याकडे ही चेकलिस्ट पाळतात ना?’ असं सर्जनना विचारायला संकोच करू नका. चांगल्या सर्जनना हा प्रश्न आवडतो.

औषधांच्या बाजूने

सुरुवातीला शिरेतून आणि मग गोळ्यांनी, मिळून साधारण दहा दिवसांचा कोर्स. ‘कोडा’मधल्या जवळपास निम्म्या रुग्णांना सुरुवातीला दाखलही व्हावं लागलं नाही. भूल नाही, टाके नाहीत, काम लवकर सुरू. हृदय किंवा फुप्फुसांच्या आजारामुळे भूल धोक्याची असेल, तर हा पर्याय फार मोलाचा ठरतो.

किंमत अनिश्चिततेची. पुन्हा दुखलं तर तासा-दोन तासांत, रात्री-बेरात्री, सर्जन असलेल्या रुग्णालयात पोचता येईल का? लांबच्या बोटीवर नोकरी, दुर्गम भागात काम किंवा एकट्याने मोठा प्रवास ठरलेला असेल, तर खडा नसला तरी मी ऑपरेशनच सुचवेन. गोळ्यांमुळे जुलाब होऊ शकतात, आणि बरं वाटलं म्हणून कोर्स अर्ध्यावर सोडणाऱ्यांनी तर या वाटेला जाऊच नये.

वयाचाही विचार करावा. चाळिशीनंतर गाठीची शक्यता वाढते. अपेंडिक्सभोवती पू साचलेल्या 60 रुग्णांच्या एका फिनिश चाचणीत पाचातल्या एकाला गाठ निघाली, तीही सगळी चाळिशीपुढच्यांत, आणि त्या कारणाने चाचणी मध्येच थांबवावी लागली. न फुटलेल्या अपेंडिक्समध्ये हा धोका बराच कमी असतो. तरी या वयात औषधांवर राहिलात तर पुढची तपासणी कधी आणि कोणती, हे आधीच ठरवून घ्या. मुलांबाबत 2025 साली आलेल्या 936 मुलांच्या चाचणीत अँटिबायोटिक गटातला उपचार वर्षभरात 34 टक्के मुलांमध्ये अपुरा ठरला. लहान मुलांसाठी माझा कल म्हणूनच ऑपरेशनकडे आहे.

विचार करायला वेळ असतो का?

बहुतेकदा असतो. फिनलंड आणि नॉर्वेतल्या ‘परफेक्ट’ चाचणीत न फुटलेल्या अपेंडिक्सचं ऑपरेशन काहींचं आठ तासांत, तर काहींचं चोवीस तासांत करायचं ठरवलं. फुटण्याचं प्रमाण 8 आणि 9 टक्के, म्हणजे जवळपास सारखंच निघालं. तेव्हा मध्यरात्री सही करण्यासाठी जीव टांगणीला लावायची गरज नसते. रुग्णालयात देखरेखीखाली राहून, सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू असताना, सकाळपर्यंत घरच्यांशी बोलून ठरवता येतं.

औषधांवर राहायचं ठरलं तर पहिले 48 तास डोळ्यांत तेल घालून बघा. ताप उतरायला हवा, दुखणं कमी व्हायला हवं. ताप वाढला, उलट्या थांबेनात, पोट फुगून कडक झालं तर लगेच परत जा. दुखणं एकदम थांबून थोड्या वेळाने सगळ्या पोटात पसरलं, तर तो आराम नव्हे. अपेंडिक्स फुटल्याची ती खूण असू शकते. सीटीचा रिपोर्ट फोनमध्येही ठेवा. पुढच्या वेळी वेगळ्याच डॉक्टरांसमोर बसाल, तेव्हा खडा होता की नव्हता हे ते पहिल्याच मिनिटाला विचारतील.