हिमालयात ट्रेकले कुठं जावं, मनालीकडचा हम्प्ता पास की काश्मीर ग्रेट लेक्स?
गावातले पोट्टे मिळून पहिल्यांदाच जात असान तर माझं मत हम्प्ता पास, ४-५ दिवसांत होते, पोळा झाला की निघा अन् सोयाबीन सोंगणीच्या आत वापस. पण पास (म्हणजे खिंड) आहे ४२७० मीटरच्या आसपास अन् आपला चिखलदरा ११०० वर, म्हणून अंगाले उंचीची सवय व्हाले मनालीत एक दिवस थांबाच, उंचीनं डोकं दुखलं तर वर चढूच नका भाऊ.

ग्रेट लेक्स सोनमर्गहून नारानागपर्यंत, जवळपास ७० किमी, विशनसर, गडसर, गंगाबल अशी तळी, दिसाले हम्प्त्यापेक्षा लय भारी, जुलै-ऑगस्टात पाऊसही तिकडं कमी. पण मधात कोणाचा पाय मुरगळला तर लवकर खाली येता येत नाही. आर्मीवाले ओळखपत्र पाहतात, ओरिजिनलच ठेवा.

अन् खर्रा (आपला तंबाखू-सुपारीचा) दोन्हीकडं भेटत नाही.