छप्पन दुकानजवळचा तैवानी चहा

तैवानमध्ये पितृदिन ८ ऑगस्टला असतो, कारण मँडरिन चिनी भाषेत ‘आठ-आठ’चा उच्चार ‘बाबा’ या शब्दाच्या जवळ जातो; हे निमित्त सांगून मी बाबांना इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीजवळील एका बबल टीच्या, म्हणजे गोळ्या घातलेल्या चहाच्या, दुकानात नेले. १९८०च्या दशकात तैवानमध्ये जन्मलेल्या या पेयातील चहा येथे कडक आणि चांगला होता, साखर व बर्फ किती हवा हेही आधी विचारले गेले. मात्र टॅपिओकाच्या गोळ्या, ज्या साबुदाण्याच्याच कुळातल्या, शिजवून बराच वेळ झाल्याने चिवट लागल्या. “यापेक्षा सराफ्यातली खिचडी बरी,” इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजाराचा हवाला देत एवढेच बाबा म्हणाले. पण जाड स्ट्रॉ माझ्या पेल्याच्या झाकणात शिरेना, तेव्हा न बोलता पेला ओढून त्यांनीच ती टोचून दिली. (माझे वय चौतीस आहे.) तैवानी बोलीत भेटताच ‘जेवलास का?’ असे विचारण्याची जुनी रीत आहे, आणि अबोल वडिलांची माया पुष्कळदा तेवढ्यावरच भागते. आमच्याकडेही फोनवर दुसरा प्रश्न नसतो. बसायला जागा अपुरी आहे. गोळ्या ताज्या असल्याची खात्री करूनच मागवाव्यात.