नवख्याचा पगार: घासाघीस बरी की ठरलेला दर?
अमेरिकेच्या एनएफएल या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये संघ दरवर्षी नवखे खेळाडू क्रमाक्रमाने निवडतात. 2010 साली पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डचा करार सहा वर्षांचा, 7.8 कोटी डॉलरचा. त्यातले 5 कोटी हमीचे. एकही सामना न खेळता! तेव्हा एजंट भाव ताणायचे आणि पोरं सरावाला दांडी मारायची. 2007 मध्ये जामार्कस रसेलने तर हंगाम सुरू झाल्यावर सही केली, आणि तीन हंगामांत तो संघाबाहेर.

लीग आणि खेळाडू संघटनेच्या 2011 च्या करारापासून निवडीच्या क्रमांकानुसार रक्कम जवळपास ठरलेली. कॅम न्यूटनला, तोही पहिल्याच क्रमांकाचा, चार वर्षांचे 2.2 कोटी. एजंटला भांडायला उरली बोनस हातात कधी पडणार असली कलमं.

मला दुसरी पद्धत बरी वाटते. पण रनिंग बॅकचं, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूचं, काय? चार वर्षं धडका खाऊन गुडघे झिजतात, आणि भाव मागायची वेळ येते तेव्हा संघाने नवा, स्वस्त पोरगा हेरलेला असतो.